आमचा मासा जेवत न्हाय

दुकान बंद करून चार वर्षं झाली, तरी अजून मंडईत माणसं मला अडवतात. "ओ मासेवाले, थांबा की जरा! आमचा मासा दोन दिस झालं जेवत न्हाय." तुमची तब्येत कशी आहे, पोरगी कुठं दिली, हे सगळं नंतर. आधी मासा. कोल्हापूरकराला बाकी काहीही चालतं, पण दारात आलेला पावणा, गोठ्यातली म्हैस आणि काचेतला मासा उपाशी राहिलेला चालत नाही. मी विचारतो, "पोहतोय न्हवं? श्वास नीट घेतोय न्हवं? मग राहू दे. काय घालू नका." समोरचा माझ्याकडं असा बघतो, की या माणसानं एवढी वर्षं धंदा केला तरी कसा!

हे "राहू दे" मी फार उशिरा शिकलो, आणि त्याची शिक्षा भलत्याच माणसाला झाली. तेच सांगायला बसलोय. पण आधी आमचा धंदा काय होता ते सांगतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

मी मूळचा काचवाला. खिडक्यांच्या काचा कापून बसवायचो. नव्वदच्या सुमाराला एका डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवायला काचेची टाकी करून मागितली. ती गळली नाही, म्हणून दुसऱ्यानं मागितली. मग टाकीबरोबर मासेही मीच द्यायला लागलो. गोल्डफिश, गप्पी, एंजल. ही सगळी गोड्या पाण्याची मंडळी. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवलं की यांचं भागतं. समुद्राच्या माशांचं तसं नाही. त्यांना समुद्रच लागतो, आणि कोल्हापुरात तेवढा सोडून सगळं मिळतं.

सुरुवातीला मी भाड्याच्या टेम्पोत वीस-वीस लिटरचे कॅन टाकून रत्नागिरीला जायचो आणि पाणी भरून आंबा घाटानं वर यायचो. शाहूवाडीजवळ एकदा पोलिसानं टेम्पो अडवला. "काय पावणं, काय भरलंय?" म्हटलं, समुद्राचं पाणी. "कुणाला?" म्हटलं, माशास्नी. त्याला वाटलं, हा गडी दारू नेतोय आणि वर आपली चेष्टा करतोय. त्यानं कॅन उघडायला लावला, ओंजळ भरली आणि थेट घोटच घेतला! मग तोंड वाकडं करून थुंकला आणि म्हणाला, "जावा. पर गावात कुणाला सांगू नगासा, येड्यात काढतील." पुढं आमची ओळख झाली, जाता-येता तो मला चहा पाजायचा.

नंतर मुंबईहून समुद्री मिठाची पाकिटं यायला लागली आणि टेम्पो सुटला. पण मिठानं दुसरं संकट आणलं. एका गुळाच्या व्यापाऱ्यानं हे ऐकून घरच्या टाकीत स्वयंपाकघरातलं दोन किलो मीठ ओतलं आणि मला फोन केला, "समुद्र केलाय, आता मासं आणून सोडा!" आधीचे गोल्डफिश उताणे तरंगत होते. पन्हाळ्याच्या एका हॉटेलवाल्याला तर शार्क पाहिजे होता. "मोठा नगं हो. मांजराएवढा बघा की."

आता कामाची एक गोष्ट सांगतो. ही लक्षात ठेवा. समुद्री टाकीतलं पाणी महिनाभर मुरू द्यावं लागतं, लोणच्यासारखं. त्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू वाढतात आणि माशांची घाण तेच खाऊन टाकतात. पण त्यांच्या पोटालाही माप आहे. माशानं न खाल्लेलं अन्न तळाशी कुजत राहिलं, की जंतूंना ते आवरत नाही आणि पाण्याचं विष होतं. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला घोकून घोकून सांगायचो. "एक वेळ कमी घाला, पण जास्त घालू नका." आणि मीच ते विसरलो.

विश्वासरावांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. घर मंगळवार पेठेत. दोन हजार साल उलटून गेलं होतं आणि आमच्या दुकानाचं नाव झालं होतं. विश्वासराव एक दिवस आले आणि म्हणाले, "आमच्या मंडळींसाठी एक टाकी पायजे. चांगली, समुद्राची." तीन फुटी टाकी मी त्यांच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत बसवली.

विश्वासरावांची बायको म्हणजे शालनवहिनी. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. पुण्याचे, मिरजेचे दवाखाने झाले होते, नवस झाले होते. घरात तिसरं माणूस म्हणजे विश्वासरावांची आई. वहिनी त्यांना आत्याबाई म्हणायच्या. म्हातारी दिवसभर सोप्यातल्या कॉटवर बसून असायची. वाईट नव्हती. मला चहा प्यायल्याशिवाय उठू द्यायची नाही. पण जिभेला हाड नव्हतं. विरजण लागलं नाही, मोगरा वाळला, रेडकू गेलं, की एकच वाक्य. "हिच्या हाताला काय जगतच न्हाय." मी स्वतः हे तीन-चार वेळा ऐकलं. वहिनी पदर खोचून आत जायच्या.

टाकी आल्यावर वहिनींनी ती अशी सांभाळली, की मी थक्क झालो. पाण्यातला खारटपणा मोजायची काचेची नळी असते. ती बघायला मी माझ्या दुकानातल्या पोरांना चार वेळा शिकवून दमायचो, वहिनींना एकदा दाखवलं. महिन्याला पाणी बदलायला मी जायचो तेव्हा त्या काय काय सांगायच्या. हा मासा सकाळी दगडामागं असतो, तो दुसऱ्याला डावीकडं येऊ देत नाही. आठ महिन्यांनी एकदा त्या कॉटवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आठ महिने झालं, भावजी. एकबी मेला न्हाय." म्हातारीनं तोंड फिरवलं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

त्याच टाकीत मी कार्डिनलची जोडी सोडली होती. बंगाई कार्डिनल म्हणतात त्याला, इंडोनेशियाकडून येतो. बोटाएवढा मासा, अंग चांदीच्या रंगाचं, त्यावर तीन काळे उभे पट्टे आणि पांढरे ठिपके. पंख लांब. पळापळ करत नाही, पाण्यात एका जागी अधांतरी उभा असतो. मुंबईच्या व्यापाऱ्यानं थर्माकोलच्या खोक्यात चार पाठवले होते. तो म्हणाला होता, "जोडी जमली तर मोडू नकोस." जोडी का मोडायची नाही, हे मी त्याला विचारलं नाही. मला कुणाला काही विचारायची सवयच नव्हती. कोल्हापुरात समुद्री मासे पाळणारा मी पहिला, मग मी कुणाला विचारणार? उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच.

एक दिवस वहिनींचा फोन आला. "भावजी, पट्ट्याचा नर पाच दिवस झालं जेवत न्हाय."

मी गेलो. नर दगडाच्या आडोशाला उभा होता. हनुवटी थोडी फुगलेली, तोंड घट्ट मिटलेलं. मी कोळंबीचा तुकडा सोडला, तर त्यानं मान फिरवली.

वहिनी म्हणाल्या, "त्याच्या तोंडात काय तर हाय. आदी दोघं लई लगट करत होती. मग मादीनं काय तर सोडलं आणि यानं ते तोंडात घेतलं. मी बगितलंय. अंडी असतील का हो?"

आणि मी हसलो. मोठ्यांदा हसलो. म्हटलं, "वहिनी, मासा म्हणजे काय मांजर हाय, पिल्लं तोंडात धरून हिंडायला? आणि तेबी बाप्या!" कॉटवरून म्हातारीही हसली. "हिला जिथं तिथं पोरंच दिसत्यात," म्हणाली. वहिनींचा चेहरा एवढासा झाला. मला ते दिसलं होतं. दिसलं नाही असं मी आज म्हणणार नाही.

मी निदान केलं, घशाला सूज आहे. औषध नाही, पण अशक्तपणा येऊ द्यायचा नाही. "दिवसातनं चार वेळा घाला. कोळंबी बारीक कापून, लसणाच्या रसात बुडवून, नाकापुढं धरा. वासानं तरी तोंड उघडंल. दमानं, पण सोडू नका." म्हणजे आपल्याकडं पंगतीत करतात तेच. पावणा नको म्हणतो, आपण वाढतो. तो ताटावर हात आडवा धरतो, आपण बोटांच्या फटीतनं वाढतो. तो चिडला तरी वाढतो, कारण नको म्हणायची रीतच असते आणि न ऐकायचीही. माणसाचं "नको" मी कधी खरं धरलं नव्हतं, माशाचं कुठलं धरणार?

वहिनींनी मी सांगितलं ते सगळं केलं. स्वेटरच्या सुईच्या टोकाला तुकडा लावून त्या स्टुलावर बसून राहायच्या. सोमवारी घरात कोळंबी चालायची नाही, तर परसात दगडावर कापायच्या, आंघोळ करून घरात यायच्या आणि पुन्हा सुई घेऊन बसायच्या. आठवड्यानं मी गेलो तेव्हा तळाशी पांढरट थर दिसला. मी तो नळीनं ओढून काढला आणि म्हटलं, "चालू ठेवा." नर वाळला होता. पाठीवरचं मांस गेलेलं, हनुवटी मात्र आणखी मोठी.

वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "सुई जवळ नेली की मागं सरकतोय, भावजी. भूक न्हाय असं न्हाय. त्यानं उपास धरलाय असं वाटतंय."

"संकष्टी असंल," मी म्हणालो, आणि आम्ही सगळे पुन्हा हसलो. त्याही हसल्या, बिचाऱ्या.

त्यानंतर सहा-सात दिवसांनी, भर दुपारी, विश्वासरावांचा फोन. "पाणी दुधागत झालंय, ताबडतोब या." ते दिवस भारनियमनाचे होते. सकाळी चार तास वीज नव्हती, पंप बंद, पाण्यात हवा नाही, आणि तळाशी पंधरा दिवसांचा आमचा आग्रह कुजत पडलेला. मी पोचलो तेव्हा दोन जोकरमासे मेले होते. कार्डिनलची मादी वर येऊन तोंड उघडझाप करत होती. नर तळाशी आडवा होता. त्याचं तोंड मेल्यावरही मिटलेलं होतं.

मी जाळीनं त्याला उचलला आणि ओल्या पिशवीत टाकला. म्हातारी कॉटवरून उठून टाकीपाशी आली. सगळं बघितलं आणि म्हणाली, "मला म्हाईतच हुतं. हिच्या हाताला काय जगतच न्हाय."

विश्वासराव खाली बघत होते. वहिनी माझ्याकडं बघत होत्या. मी काय बोलतोय याची त्या वाट बघत होत्या, हे मला तेव्हाही कळलं. मी एवढंच म्हणालो, "रोग होता. साथ असते एकेकदा." मादी वाचवतो म्हणून ती घेतली आणि निघालो.

दुकानात आल्यावर कुठला रोग ते बघायला मी नराला पांढऱ्या बशीत ठेवला आणि काडेपेटीच्या काडीनं त्याचं तोंड उघडलं. आत पिल्लं होती. तांदळाच्या दाण्याएवढी. अंडी कधीच फुटली होती, नुसतं बाहेर यायचं राहिलं होतं. एकेकाला दोन काळे डोळे आणि अंगावर बापासारखे तीन पट्टे. मी ती मोजली. बावीस होती. सगळी मेली होती.

मला रडू आलं. माशासाठी मी आयुष्यात तेवढं एकदाच रडलो. वीस दिवस तो पोरं तोंडात धरून उपाशी उभा होता, आणि आम्ही त्याला लसूण लावून कोळंबी दाखवत होतो. मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन केला, तर तो सहज म्हणाला, "हो, यात नरच पिल्लं सांभाळतो. महिनाभर काही खात नाही. तुला माहीत नव्हतं?"

आता तुम्ही म्हणाल, मग तसाच उठून मंगळवार पेठेत का नाही गेलास? दहा मिनिटांची वाट होती. कॉटपुढं उभं राहून म्हणायचं होतं, आत्याबाई, वहिनींचा हात चांगला आहे. त्यांच्या हातात मासे नुसते जगलेच नाहीत, वाढायला लागले होते. त्यांनी मला दोनदा सांगितलं आणि मी हसलो. मारलं मी. एवढंच. पण विश्वासरावांच्या शब्दावर उद्यमनगरातल्या पाच जणांनी माझ्याकडं टाक्या सांगितल्या होत्या. माझी अक्कल चारचौघांत निघाली असती. उद्या जाऊ म्हटलं. मग रविवारी जाऊ म्हटलं. पुढच्या आठवड्यात विश्वासरावांनीच निरोप धाडला, "आईला नको वाटतंय, टाकी घेऊन जावा." टाकी आणायला मी पोरांना पाठवलं, स्वतः गेलो नाही. मादी दुकानात चार-पाच महिने जगली.

पुढं मी कार्डिनलच्या बऱ्याच जोड्या ठेवल्या. नरानं तोंड मिटलं, की टाकीवर कापड टाकायचो आणि पोरांना दम भरायचो, "हात लावाल तर बघा!" महिन्यानं पिल्लं बाहेर यायची आणि नर पहिला तुकडा खायचा. ते बघायला माणसं सांगलीहून यायची. कुणी वाहवा केली की मला वहिनी आठवायच्या आणि वाटायचं, यातली चार पिल्लं घेऊन एकदा जावं. असं वाटण्यात सहा वर्षं गेली.

मग एके सकाळी चौकात डिजिटल बोर्ड दिसला. भावपूर्ण श्रद्धांजली. वर आत्याबाईंचा फोटो, नाकात नथ, डोईवर पदर. मी स्कूटर कडेला घेतली आणि तिथंच उभा राहिलो. ज्या माणसाला सांगायचं होतं तेच गेलं होतं.

दिवस-कार्य उरकल्यावर मी गेलो. पिशवीत सहा पिल्लं घेतली होती. विश्वासराव वर्कशॉपला गेले होते. वहिनींचे केस पिकले होते. "या की भावजी," म्हणाल्या, जसा काही मी गेल्याच महिन्यात येऊन गेलो होतो. मी पाणीसुद्धा न पिता सगळं सांगून टाकलं. बशी, काडी, बावीस पिल्लं, माझी लाज. त्या ऐकत होत्या.

मग म्हणाल्या, "मला म्हाईत हाय. तुम्ही जाळीनं उचलला तवा दोन खाली पडली हुती. तुम्ही गेल्यावर वाळूवर दिसली. पट्टंसुद्धा आलतं त्यास्नी. मी कढीपत्त्याच्या कुंडीत पुरली."

"मग बोलला का न्हाई, वहिनी?"

"माझं कोण ऐकणार हुतं? तुम्ही जाणकार. तुम्ही रोग म्हणालासा. तुम्ही याल असं वाटायचं. लई दिस वाटायचं. मग वाटायचं थांबलं."

मी मान वर केली नाही. "माझं चुकलं," म्हटलं.

"मला कशाला सांगताय? मला ठाऊकच हुतं. ज्यांच्या म्होरं सांगायचं हुतं, त्या तिथं हायत." त्यांनी भिंतीकडं बोट केलं. बोर्डावरचाच फोटो, चंदनाचा हार घातलेला. खाली कॉट अजून तशीच होती.

मी उठलो. पन्नाशी उलटलेला माणूस मी, फोटोपुढं हात जोडून उभा राहिलो आणि बोललो. "आत्याबाई, मासं वहिनींनी न्हाई मारलं. मी मारलं. त्यांच्या हातात चोवीस पोरं जगत हुती." मागं वळलो तर वहिनी सोप्यात नव्हत्या. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही आणि विचारायचं धाडस झालं नाही.

"जेवून जावा," आतूनच म्हणाल्या.

पाटावर बसलो. भाकरी, वांग्याचं भरीत, दही. पिशवीतल्या पिल्लांकडं त्यांनी थोडा वेळ बघितलं. एकाला पिशवीच्या बाहेरून बोट लावलं. "गोड हायत. घेऊन जावा, भावजी. आता मला न्हाय व्हायचं." मी बरं म्हटलं.

माझी भाकरी संपली. शेजारी टोपल्यात गरम भाकऱ्या होत्या. आमच्याकडं ताट असं रिकामं होऊच देत नाहीत. आधी अर्धी पडते, मग "वाढू का" म्हणून विचारतात. वहिनी समोर बसून होत्या, हात मांडीवर. माझी बोटं आपोआप ताटावर आडवी गेली, नको म्हणायला. पण कुणी वाढतच नव्हतं.

त्यांना ते दिसलं असावं. "मी आता कुणाला आग्रह करत न्हाय, भावजी," त्या म्हणाल्या. "लागंल तर मागून घ्या."

मला आणखी अर्धी भाकरी पाहिजे होती. मी मागितली नाही.